रिकामी लिफ्ट वर जाते

...नाही, पण मी म्हणतो, उडी मारायचीच कशाला? तुम्हीच सांगा! लिफ्ट पडतेय, तुम्ही आत आहात, बाहेरचं काही दिसत नाही, आणि तुम्ही म्हणे जमिनीला टेकायच्या बरोब्बर आधी टुणकन उडी मारणार! कधी मारणार? कोण सांगणार तुम्हाला, 'हं, आली बरं का जमीन, मारा आता'? आणि असं लिहिणाऱ्याला अकरा हजार लोकांनी अंगठे दिलेत हो! अकरा हजार! एवढी माणसं उड्या मारायला तयार बसलीयत, आणि मी, बावीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करून ज्याची कंबर कामातून गेलीय तो मी, दातांच्या डॉक्टरच्या बाहेर गाल धरून बसलोय आणि हे वाचतोय. सोडून द्यायला पाहिजे होतं. कळतं मला. दाढ ठणकत होती, नंबर सातवा होता, समोर जुनी मासिकं पडली होती, चाळायचं होतं एखादं... पण नाही. म्हटलं, दोन मिनिटं. एवढं एकच सांगतो आणि फोन खिशात टाकतो.

तुम्हाला सांगतो, त्या ग्रुपचं नाव 'विज्ञान सर्वांसाठी'. चाळीस हजार सभासद. मी त्यात कसा शिरलो ते मलाच आठवत नाही, कुणीतरी ढकललं असेल. तर त्यात मी अगदी सभ्यपणे, नमस्कार-बिमस्कार घालून लिहिलं, की बाबांनो, लिफ्ट एका दोरावर लोंबकळत नसते, पाच-पाच सहा-सहा पोलादी दोर असतात. ते सगळे एकदम तुटत नाहीत. आणि समजा तुटलेच, तरी डब्याला खालून जबडे असतात, वेग वाढला रे वाढला की ते बाजूचे रूळ करकचून धरतात आणि डबा जागच्या जागी थांबतो. इथे थांबलो असतो ना, तर आज तुमचं डोकं खात बसलो नसतो. पण आत कुणाचा तरी दात निघत नव्हता वाटतं, नंबर काही पुढे सरकेना, मग मी आपलं आणखी एक वाक्य टाकलं. 'आणि ब्रेक निकामी झालाच, तर रिकामी लिफ्ट खाली येत नाही, वर जाते.'

झालं!

अहो, खरंय ते! डब्याच्या दोराला दुसऱ्या टोकाला वजन बांधलेलं असतं, लोखंडाच्या विटांचा हा एवढा गठ्ठा. तराजूची दोन पारडी म्हणा. हा गठ्ठा रिकाम्या डब्यापेक्षा जड ठेवतात, मुद्दाम, म्हणजे डब्यात निम्मी माणसं चढली की दोन्हीकडे सारखं होतं आणि मोटरचे कष्ट वाचतात. मग आत कुणी नसताना ब्रेक सुटला तर जड काय? गठ्ठा. खाली कोण जाणार? गठ्ठा. मग डबा कुठे जाणार?... हं! कळलं ना? तुम्ही काही फिजिक्सचे प्रोफेसर नाही, तरी कळलं ना? मग त्यांना का नाही कळत हो!

फोन खिशात जायच्या आत पहिलं उत्तर हजर. नाव काय, तर 'मुद्देसूद'. फोटोच्या जागी निवडुंगाची कुंडी. आता निवडुंगाशी माणसाने काय बोलायचं? म्हणतो, "काका, लिफ्ट वर पडते म्हणजे गुरुत्वाकर्षण त्या दिवशी रजेवर असतं का?" सहाशे लोक हसले. सहाशे! आणि मी काका आहे हे त्याला कुणी सांगितलं? माझ्या फोटोत तर पाना आहे. मी वर पडते म्हटलंच नव्हतं, वर जाते म्हटलं होतं, पण ते कोण बघतो? मी सगळं समजावून लिहिलं, गठ्ठा, पारडी, मोटर. तर म्हणतो, "पुरावा?" म्हटलं, मी बावीस वर्षं हेच काम करतो. तर म्हणतो, "हा तर्कदोष झाला. स्वतःच्या अनुभवाचा दाखला चालत नाही. मुद्द्यावर या." ऐका! विटा मी वाहिल्या, कंबर माझी गेली, आणि दाखला चालत नाही!

मग बाकीचे जमले. आग लागल्यावर जमतात तसे. एकजण म्हणतो, "लिफ्ट पडतच नाही, जमीन वर येते." दुसरा म्हणतो, "हे सगळं आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं." कुठल्या पूर्वजांना? माझे आजोबा जिन्याने जायचे! तिसरा म्हणतो, "माझ्या मेव्हण्याच्या ऑफिसात लिफ्ट अडकली होती," आणि पुढे काहीच नाही, अडकली ती अडकलीच. एक बाई मधेच 'सर्वांना शुभ सकाळ' टाकून गेल्या, त्यांना सातशे अंगठे. आणि एकजण, वजनाचा विषय निघालेला बघून, घरबसल्या दहा किलो कमी करायची पावडर विकायला लागला. त्या गडबडीत आतून हाक आली, "सात नंबर!" आणि माझ्या तोंडून काय निघालं असेल? "दोन मिनिटं!" दातांच्या डॉक्टरला! आठ नंबरच्या आजी उठून आत गेल्या, नऊ गेला, दहा गेला, आणि ही दाढ तुम्हाला सांगतो आजही तशीच आहे.

सोडून द्यायला पाहिजे होतं. कळतं मला. दाढेपर्यंत होतं तोवर ठीक होतं हो. पण पुढे लेकीपर्यंत आलं.

लेक अकरावीला. विज्ञान घेतलंय, कारण तिला पूल बांधायचेत. लहानपणापासून पूल, पत्त्यांचे, काड्यांचे, माझ्या पान्यांचे सुद्धा, दोन खुर्च्यांच्या मधे. आणि फिजिक्सच्या पहिल्या चाचणीत मिळाले तीसपैकी नऊ. तिच्या सरांनी तिला उभं करून सांगितलं, त्यांचा आवाज असा नाकातून, "हे बघ, पुढच्या चाचणीत पंधराच्या खाली गेलीस तर विज्ञान सोड. उगाच ओढाताण नको." घरी आली ती जेवली नाही. दुसरी चाचणी गुरुवारी. आणि धडा कुठला असेल? लिफ्ट! अहो, लिफ्टमध्ये उभ्या असलेल्या माणसाचं वजन! अख्ख्या शिक्षणात पहिल्यांदा पुस्तकात बापाचा धंदा आला! इतका आनंद मला माझ्या लग्नात झाला नव्हता. हे बायकोला सांगू नका.

तर त्या शनिवारी संध्याकाळी लेक पुस्तक घेऊन माझ्या खुर्चीपाशी आली. म्हणाली, "बाबा, लिफ्ट वर निघाली की वजनकाट्यावर आकडा वाढतो, बरोबर? मग मधेच तो परत मूळच्या जागी का येतो? लिफ्ट तर अजून वरच चाललीय ना?" काय प्रश्न आहे बघा! नेमका! अर्धी दुनिया इथेच अडते. आणि म्हणाली, "आपण आपला वजनकाटा घेऊन लिफ्टमध्ये जाऊया का? तू दाखव ना." आमच्या दारापासून लिफ्ट अकरा पावलांवर. मोजलीत मी, नंतर. नुसतं 'चल' म्हणायचं होतं. दोन अक्षरं. पण नेमका त्याच वेळी निवडुंग लिहीत होता... दिसतं ना ते, समोरचा लिहितोय, तीन टिंबं नाचतायत... आणि मी त्या टिंबांकडे बघत म्हटलं, "दोन मिनिटं, बाळा. याला एवढं एकच सांगतो."

रविवारी ती परत आली. "दोन मिनिटं." दुपारी आली. "अगं, दोनच मिनिटं." मग नाही आली.

बायको औषधाच्या दुकानात काउंटरवर असते. दिवसभर लोकांच्या चिठ्ठ्या वाचते, त्यामुळे माझ्या कपाळावरचं तर तिला चष्म्याशिवाय वाचता येतं. चपला काढता काढता म्हणाली, "कोण आहे तो?"

"आहे एक."

"नाव?"

"मुद्देसूद."

"कोण लागतो आपला?"

"कुणी नाही."

"मग?"

मी म्हटलं, अगं, चाळीस हजार लोक चुकीचं शिकतायत. ती म्हणाली, "चाळीस हजारांना शिकवा तुम्ही. घरातली एक राहिली तर राहिली." आणि आत गेली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

सोमवारी मी काय केलं? मुलीला घेऊन बसलो? छे! पुरावा तयार करायला घेतला. कामावर माझा जोडीदार आहे, माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, सगळे त्याला म्हातारबा म्हणतात. एका ऑफिसच्या इमारतीत तपासणी होती. वरच्या मशीनच्या खोलीत जाऊन लिफ्ट बंद केली, आत कुणी नाही याची खात्री केली, आणि म्हटलं, म्हातारबा, तू ब्रेक हाताने थोडा थोडा सोड, मी खाली दाराच्या फटीतून व्हिडिओ काढतो. तो म्हणाला, "कुणाला दाखवायचाय?" म्हटलं, एका माणसाला. "साहेब आहे का?" नाही. "इन्स्पेक्टर आहे?" नाही, निवडुंग आहे. तो म्हणाला, "अरे, तू रजा घे चार दिवस." पण ब्रेक सोडला बिचाऱ्याने. आणि काय देखणं दृश्य हो! वीज बंद, मोटर गप्प, आणि रिकामा डबा आपला हळूहळू, सावकाश, वर... वर... माझ्या डोळ्यांत पाणी आलं. टाकला व्हिडिओ. आता बोल म्हटलं!

बोलला की. म्हणतो, "व्हिडिओ उलटा चालवलाय."

उलटा! चालवलाय! म्हणजे मी, ज्याला फोनवर अक्षर मोठं कसं करायचं ते लेकीला विचारावं लागतं, तो मी व्हिडिओ उलटा चालवणार! मंगळवारी परत काढला. या वेळी म्हातारबाला डब्यासमोर उभं केलं आणि म्हटलं, तू तांब्यातून पेल्यात पाणी ओतत राहा. पाणी खाली पडतंय, डबा वर जातोय, एकाच चित्रात! आता कसा उलटा म्हणेल? ब्रेकपाशी मी, फोन कठड्यावर टेकवलेला, म्हातारबा पाणी ओततोय, आणि नेमके त्या इमारतीचे मॅनेजर जिन्याने धापा टाकत सहाव्या मजल्यावर आले. लिफ्ट बंद, आणि लिफ्टवाला पाणी ओततोय. म्हणाले, "हे काय चाललंय?" म्हातारबा शांतपणे म्हणाला, "दोन मिनिटं, साहेब. याला एवढं एकच सांगायचंय." मॅनेजरांनी आमच्या कंपनीला फोन लावला, तो वेगळा विषय. आणि निवडुंगाचं उत्तर? "पाणी ओतणारे आजोबा वेगळे चिकटवलेत. कडा बघा." म्हातारबाला चिकटवलाय म्हणतो! त्याच्या कडा बघा म्हणतो! म्हातारबाने ते वाचलं आणि दिवसभर आरशासमोरून गेला की थांबायचा.

सोडून द्यायला पाहिजे होतं हो. कळतं मला, कळतं! पण बुधवारी तिथे एक सूर्यफूल उगवलं. फोटोत सूर्यफूल, बाकी पत्ता नाही. म्हणे, "लिफ्टमध्ये वजनबिजन काही बदलत नाही, वजन ते वजन." आता हे मात्र माझ्या काळजाला लागलं, कारण हा तर लेकीचा धडा! मग मी काय केलं, घरचा वजनकाटा पिशवीत घातला आणि कामावर नेला. लिफ्टमध्ये ठेवला, वर उभा राहिलो, फोन खाली धरला. चौऱ्याहत्तर. बटण दाबलं. लिफ्ट निघाली, ऐंशी! मग चालीला लागली, परत चौऱ्याहत्तर. वर थांबताना अडुसष्ट. आणि त्याखाली मी जे लिहिलं ते तुम्हाला सांगतो, आयुष्यात माझ्या हातून लिहून झालेलं ते सगळ्यात चांगलं वाक्य. 'लिफ्टला निघायची घाई असते तेव्हा काटा चढतो, थांबायची घाई असते तेव्हा उतरतो, आणि एकदा चालीला लागली की कितीही जोरात जावो, काटा आपल्या जागी.' सूर्यफुलाने अंगठा दिला. पहिला अंगठा! निवडुंग म्हणाला, "काटाच बिघडलाय." मी त्याला ब्लॉक केला.

घरी आलो तर लेक न्हाणीघराच्या दाराशी उभी. आईला विचारत होती, "आई, वजनकाटा कुठेय?" तिने ठरवलं होतं, बाबाला वेळ नाही, आपण एकटीनेच लिफ्टमध्ये जाऊन बघू. दुसऱ्या दिवशी चाचणी. आणि काटा कुठे? मी मशीनच्या खोलीत विसरलो होतो, तेलाच्या डब्याशेजारी. मी म्हटलं, उद्या आणतो. ती म्हणाली, "राहू दे." एवढंच. रागावून नाही हो, अगदी साधं म्हणाली, शेजाऱ्याला म्हणतो ना आपण, तसं. मला लाज वाटली. स्पष्ट सांगतो, इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

गुरुवारी चाचणी झाली. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. फोन मी कपाटात ठेवला. सोमवारी निकाल. दारात बूट काढता काढता म्हणाली, "तेवीस." तीसपैकी तेवीस! बायकोने तिला मिठी मारली, मीही मारली, मधे तिचं दप्तर होतं. मग मी हळूच विचारलं, "कसं जमलं गं?"

"समजावलं एकाने. ऑनलाइन."

"कुणी?"

"आहे एक. मी बुधवारी संध्याकाळी एका ग्रुपवर प्रश्न टाकला होता. कुणी उत्तर देईना, सगळे भांडतच होते. मग त्याने तासभर समजावलं. फार शांत आहे तो, बाबा. चार वेळा तेच विचारलं तरी चिडला नाही."

तुम्हाला कळलं ना? मला नाही कळलं. माझ्या डोक्यात तेव्हाही प्रकाश पडला नाही. तिने फोन पुढे केला आणि समोर... निवडुंगाची कुंडी! आणि तो काय लिहितो, वाचा! 'लिफ्टला निघायची घाई असते तेव्हा काटा चढतो.' माझं! शब्दन् शब्द माझा! पुढे गठ्ठा, पारडी, ब्रेक सुटला तर रिकामी लिफ्ट वर जाते, सगळं सगळं! आणि शेवटी, 'मलाही हे आधी पटत नव्हतं. इथे एक लिफ्टवाले काका आहेत, त्यांनी समजावलं. तापट आहेत, पण माणूस बरोबर बोलत होता. त्यांना सांगणार होतो, पण त्यांनी मला ब्लॉक केलंय.'

मी फोन तिला परत दिला. लेक म्हणाली, "ते काका कोण असतील रे?" म्हटलं, असेल कुणीतरी. मग म्हटलं, "मला का नाही विचारलंस?" ती म्हणाली, "विचारलं होतं, बाबा." पुरावा तिच्याकडे होता.

त्याच दिवशी ठरवलं. ग्रुप सोडला. निवडुंगाला ब्लॉकमधून काढला, 'आभारी आहे' असं लिहिलं, आणि त्याने काही लिहायच्या आत फोन बंद केला. गळ्याला हात लावून सांगतो, बंद केला. मशीनच्या खोलीतून वजनकाटा आणला, तेलाचा डाग होता तो पुसला. रविवारी सकाळी काटा बगलेत धरून लेकीच्या खोलीच्या दारात उभा राहिलो. म्हटलं, "चल, बाळा. चाचणी झाली तर झाली, आपण लिफ्टमध्ये जाऊन बघू. चौऱ्याहत्तर, ऐंशी, अडुसष्ट. मी दाखवतो तुला." ती पलंगावर पालथी, समोर फोन, दोन्ही अंगठे चाललेले, भुवया वर. आणि चेहरा... अहो, तो चेहरा मी ओळखतो. दाढी करताना रोज बघतो.

"काय करतेस?"

"अरे, एकजण म्हणतोय, लिफ्ट पडताना उडी मारली की माणूस वाचतो." मान वर न करता म्हणाली. "दोन मिनिटं, बाबा. याला एवढं एकच सांगते."

बाहेर आलो. अकरा पावलं. बटण दाबलं. बायको दारातून बघत होती, हसली. लिफ्ट आली, दार उघडलं, मी काटा बगलेत धरून उभा, आत्ता येईल, आत्ता येईल म्हणून. दार आपलं आपण मिटलं. वरच्या मजल्यावरून कुणीतरी बोलावलं असेल. आणि रिकामी लिफ्ट वर गेली. अगदी माझ्या डोळ्यांसमोर, वर गेली. पण सांगू कुणाला!